येवल्याची आसारी, रामेश्वरमचा बार

मी येवल्याची. संक्रांतीचे तीन दिवस आमच्याकडे गच्चीवरून कोणी खाली उतरत नाही. हलकडी वाजत असते, हातात आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, आणि नजर आभाळात. त्यामुळे जुलैत काइटबोर्डिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर फळीवरून पाणी कापत जाणं, शिकायला रामेश्वरमला निघाले तेव्हा मनात एकच धाकधूक होती, पाण्याची. पतंग तर आपलाच. झालं उलटं. पाण्याची भीती दोन दिवसांत गेली, हाताची सवय मोडायला मात्र पूर्ण आठवडा लागला.

आपल्याकडे धो धो पाऊस असतो तेव्हा तिकडे कोरडा नैऋत्य वारा सुटलेला असतो. धनुष्कोडीच्या बाजूला उथळ, सपाट पाणी मिळतं; पडलं तरी पाय टेकतात. शिकायला ही जागा चांगली.

पतंग म्हणजे 9 चौरस मीटरचं कापड, पुढची कड पंपाने हवा भरून टणक केलेली. दोऱ्या 4, प्रत्येकी साधारण 22 मीटर. मधल्या दोन पुढच्या कडेला, त्यांच्यावर सगळी ओढ. बाहेरच्या दोन टोकांना, त्यांनी पतंग वळतो. हातात बार, म्हणजे दोऱ्या जोडलेला आडवा दांडा, आणि कमरेला ओढ पेलणारा पट्टा, हार्नेस. बार जवळ घेतला की जोर वाढतो, पुढे सोडला की कमी होतो. ही एवढीशी गोष्ट माझ्या हाताला पटेना. गोता खाणाऱ्या पतंगाला हिसका मारून वर घ्यायचा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. इथे घाबरून बार छातीशी ओढला की पतंग आणखी खेचतो.

पहिल्या दिवशी शिक्षकाने पतंग उडवूच दिला नाही. हार्नेस बांधून वाळूवर उभं केलं आणि क्विक रिलीज ढकलायला लावलं, म्हणजे पतंगाची ओढ तोडून त्याला एकाच दोरीवर सोडणारी कळ. डोळे उघडे ठेवून दहा वेळा, मग मिटून दहा वेळा. तेव्हा मला ते लांबण लावल्यासारखं वाटलं. आज कोणी शिकायला निघालं तर मी आधी हेच सांगते: तुझा हात तिथे न बघता जातो का, ते पाहा.

दुसरा धडा दोऱ्या अंथरण्याचा. पतंगावर वाळू टाकून तो दाबून ठेवायचा. मग बारकडून पतंगाकडे चालत जायचं, दोऱ्या बोटांच्या बेचक्यांतून सरकवत, म्हणजे पीळ जागीच कळतो. लाल दोरी डाव्या टोकाची. पतंगाजवळच्या छोट्या दोऱ्या, आपल्या कण्णीसारख्या, त्याही बघायच्या. तिथे एक फास राहिला की वर गेलेला पतंग एकाच अंगाला वळत राहतो. दोरी बोटाला कधीच गुंडाळायची नाही. तिला काच लावलेली नसते, पण माणसाचं वजन ओढणारी दोरी कातडीवरून घासली तर कापतेच.

चौथ्या दिवशी पाण्यात माझा पतंग पडला. लाटेने तो हलला आणि एक टोक दोऱ्यांमधून आरपार गेलं. ते मी पाहिलं नाही. नेहमीसारखी बाजूची दोरी ओढून पतंग उचलला, आणि तो वर जाऊन गरगर फिरायला लागला. प्रत्येक फेरीला कमरेला हिसका, तोंडात खारं पाणी. मी बार आणखी घट्ट धरला. शिक्षक वाऱ्यावर ओरडत होता, "छोडो! छोडो!" बार सोडला, तरी फिरणं थांबेना, कारण टोकाला दोरीचा वेढा बसला होता. त्या सात-आठ सेकंदांत मी वाऱ्याबरोबर घसरत गेले आणि माझा पतंग वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे वारा वाहत जातो तिकडे, शिकणाऱ्या एका मुलाच्या दोऱ्यांवर पडला. तेव्हा कुठे हात क्विक रिलीजवर गेला. त्या मुलानेही लगेच आपला ढकलला. दोन्ही पतंग एकेका दोरीवर लोळत पाण्यावर निपचित पडले.

चूक माझी होती, आणि ती पतंग उचलण्याआधीच झाली होती. वाऱ्याच्या खालच्या बाजूला दोन दोऱ्यांइतकी, म्हणजे 50 मीटरच्या आसपास जागा मोकळी हवी. ती मी बघितली नव्हती. समोरासमोर येणाऱ्यांचा नियमही मला तेव्हा नुसता पाठ होता: वाऱ्याच्या वरच्या बाजूचा आपला पतंग उंच नेतो, खालच्या बाजूचा खाली आणतो, म्हणजे दोऱ्या एकमेकींना शिवत नाहीत. आता पाण्यात उतरण्याआधी मी हातांनी हवेत दोन पतंग करून तो नियम बघून घेते.

वाळूवर आठ दोऱ्यांचा तो गुंता सोडवायला दीड तास लागला. मुलगा टोक शोधून ओढायला लागला तसं मी त्याला थांबवलं. माझे काका पैठणीच्या मागावर बसतात. रेशीम गुंतलं की ते ओढत नाहीत. गुंता मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी चहूबाजूंनी फुगवतात, सैल करतात. आम्हीही तसंच केलं. दोऱ्या बारपासून मोकळ्या केल्या, गुंता फुगवला, आणि एकेक दोरी जशी सुटेल तशी बाजूला घेतली. ओढलेल्या गाठी तेवढ्या शेवटपर्यंत हटून बसल्या. त्या मुलाने मला एका शब्दाने दुखावलं नाही, ते मी विसरणार नाही.

शेवटच्या दिवशी बोर्डवर उभी राहून मी बरंच अंतर गेले. पण त्याआधी, पतंग धरणाऱ्याला 'सोड' अशी अंगठ्याने खूण करायला हात उचलला होता तेवढ्यात पर्यटकांचं एक कुटुंब दोऱ्या ओलांडून गेलेलं आठवलं. हात खाली घेतला, पतंग पुन्हा वाळूखाली दाबायला सांगितला आणि 22 मीटर चालत गेले. डावी बाहेरची दोरी एका शिंपल्यात अडकून मधल्या दोरीवर चढली होती.