तुम्ही विचारलंत म्हणून: कुठल्या सॉफ्टवेअरवर एवढी वर्षं निघाली?

डेटाबेस आणि सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटची सल्लागार म्हणून स्वतंत्रपणे काम करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कुठलं सॉफ्टवेअर शिकलात, म्हणून एवढी वर्षं निघाली?" इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, पुण्यात नोकरी करून आता गावाकडे येऊन स्वतःचं काही करावं म्हणणारेही विचारतात. सगळ्यांना एखादं नाव हवं असतं, म्हणजे उद्यापासून क्लास लावता येईल. नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याने तुमचं नुकसान होईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी ज्यांवर हात बसवला ती माहिती साठवायची सॉफ्टवेअरं आज नव्या कामाला सहसा कोणी घेत नाही. आधी डीबेस, मग क्लिपर, मग फॉक्सप्रो. नव्वदच्या दशकात सांगली-कोल्हापूर भागात पतसंस्था, दूध संस्था, कारखान्याची ऊसनोंद, अडत दुकान, कुठेही जा, काळ्या पडद्यावर बहुधा फॉक्सप्रोच चालू असायचं. ते बनवणारी ओहायोतली कंपनी मायक्रोसॉफ्टने 1992 मध्ये घेतली. 2007 मध्ये पुढची आवृत्ती येणार नाही असं जाहीर झालं आणि जानेवारी 2015 मध्ये उरलासुरला सपोर्टही बंद झाला. पण त्या पडद्यामागे साठलेला डेटा बंद झाला नाही. सभासदांची खाती, शेअर्स, कर्जाचे हप्ते, दुधाच्या नोंदी, सगळं कुठेतरी न्यावं लागलं. कधी एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर, कधी मायएसक्यूएलवर, अलीकडे पोस्टग्रेसवर. माझी बरीचशी कमाई या नेण्याआणण्यातून झाली आहे.

या सगळ्या स्थलांतरांत एक गोष्ट बदलली नाही. आयबीएम या अमेरिकन संगणक कंपनीच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी 1970 मध्ये एक शोधनिबंध लिहिला. माहिती तक्त्यांच्या रूपात मांडा, आणि ती यंत्राच्या आत कशी ठेवली आहे याची काळजी वापरणाऱ्याला करायला लावू नका, असा त्याचा गाभा. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला माहिती विचारायची भाषा, त्यातूनच पुढे आली. फॉक्सप्रोत आम्ही एकेक रेकॉर्ड पुढे सरकवत फाइलच्या शेवटापर्यंत जायचो. 1991 च्या फॉक्सप्रो 2.0 मध्ये सिलेक्ट या एसक्यूएलमधल्या आज्ञेची सोय होती, तिथेच मला पहिल्यांदा कळलं की "कसं शोध" हे न सांगता "काय हवं" एवढंच सांगता येतं. तेव्हा शिकलेलं ते सिलेक्ट मी आजही रोज लिहिते. इतकं टिकाऊ ज्ञान या क्षेत्रात फार थोडं आहे.

पण तक्ता काढायला शिकवणारी पुस्तकं एक गोष्ट शिकवत नाहीत: तक्त्यातली एक ओळ म्हणजे प्रत्यक्षात काय घडलं? ते कळण्यासाठी जाऊन बसावं लागतं. माझ्या कामाचा खरा भाग तोच आहे आणि मला तो मनापासून आवडतो.

दूध संस्थेचंच घ्या. सकाळ-संध्याकाळ संकलन होतं. प्रत्येक उत्पादकाचं दूध मोजतात, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) काढतात, दरपत्रकातून दर येतो आणि दहा दिवसांनी बिल निघतं. ऐकायला किती सरळ! आता गाईचं 4.7 लिटर दूध आणि 33.45 रुपये दर धरा. गुणाकार येतो 157.215. हा शेवटचा अर्धा पैसा कुठे घालवायचा? प्रत्येक नोंद पूर्ण पैशात आणायची की दहा दिवसांची बेरीज? दहा दिवसांत वीस नोंदी, म्हणजे फरक जास्तीत जास्त दहा पैशांचा. शहरातल्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. एका सचिवांनी मला शांतपणे सांगितलं होतं, "मॅडम, धा पैशाचा फरक पडला तरी लोक वही घिऊन दारात येत्यात. आणि येऊच द्यात, त्यांचं दूध हाय." ते बरोबर बोलत होते. ज्याच्या घरी दोन म्हशी आहेत त्याच्यासाठी ते बिल हाच पगार असतो आणि तो घरी वहीत हिशेब ठेवतो. त्याच्या वहीशी छापील बिल जुळलंच पाहिजे. म्हणून पैसे फ्लोट या अंदाजे आकडे ठेवणाऱ्या प्रकारात साठवायचे नाहीत (तिथे 0.1 सुद्धा नेमका मावत नाही), डेसिमल या नेमके दशांश ठेवणाऱ्या प्रकारातच साठवायचे. आणि रक्कम पूर्ण पैशात कुठे आणायची ते प्रोग्रामरने मनाने ठरवायचं नाही, संस्थेची पद्धत विचारून घ्यायची.

दर साठवण्यात याहून मोठी गोम आहे. अनेक सॉफ्टवेअरमध्ये दराचा तक्ता एकच असतो, दर बदलला की जुन्या आकड्यावर नवा चढवतात. मग मागच्या महिन्याचं बिल पुन्हा छापलं की नव्या दराने येतं आणि गावात बोंब होते. दिवाळीआधी वर्षभराच्या दुधावर दरफरक, म्हणजे आधी दिलेल्या दरावरची जादा रक्कम, वाटायचा असतो, तेव्हा तर वर्षाची प्रत्येक नोंद तिच्या त्या दिवसाच्या दरासकट शाबूत लागते. दर कधीच खोडायचा नसतो, "या तारखेपासून लागू" अशी नवी ओळ घालायची असते. 22 सप्टेंबर 2025 पासून तूप, लोणी, चीज यांचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा ज्यांच्या तक्त्यात लागू तारीख होती त्यांनी वस्तूमागे एक ओळ वाढवली आणि पुढच्या कामाला लागले. बाकीचे रात्री फोन करत होते.

खाते क्रमांकांचंही असंच. कॉलेजात शिकवतात की प्रत्येक व्यक्तीला एक वेगळा क्रमांक द्या, झालं. गावच्या संस्थेत एखाद्याने जनावरं विकली आणि दूध घालणं बंद केलं, की त्याचा 47 नंबर रिकामा राहत नाही, नव्या माणसाला देऊन टाकतात. कारण संकलनाच्या गर्दीत दोन आकडी नंबर पटकन बोलता येतो. पद्धत त्यांच्या जागी योग्य आहे, ती बदलायला लावणारी मी कोण? आत स्वतंत्र, कधीही न बदलणारा क्रमांक ठेवायचा आणि 47 हा नंबर कोणाकडे कधीपासून कधीपर्यंत होता याची वेगळी नोंद ठेवायची. हे न केलेल्या डेटात नव्या सभासदाच्या नावावर जुन्याची पशुखाद्याची उधारी निघते आणि माणसं नाहक एकमेकांशी भांडतात.

मराठी नावांचा विषय काढला तर लेख संपायचा नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच कोडपद्धत, येण्याआधी प्रत्येक फॉन्टवाल्याची कोडची रीत निराळी होती. फॉन्ट गेला की नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला उरायचा. तो काला ओळीने युनिकोडमध्ये आणणं, जोडाक्षरं आणि वेलांट्या तपासणं, हे काम मी खूप केलं आहे आणि दरवेळी संस्थेतल्या कोणाला तरी शेजारी बसवूनच केलं आहे. एवढं मात्र लक्षात ठेवा: एसक्यूएल सर्व्हरवर व्हारचार या अक्षरं साठवायच्या साध्या प्रकारात देवनागरी घातली तर सहसा प्रश्नचिन्हं साठतात, आणि एकदा साठलेल्या प्रश्नचिन्हांतून नाव परत काढता येत नाही. कॉलम एनव्हारचार, म्हणजे युनिकोड साठवणारा, हवा. शिवाय क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला लिहून दिलेल्या आज्ञेत, थेट लिहिलेल्या नावाआधी एन हे अक्षरही हवं.

आता पैशांबद्दल, कारण तेही विचारता, फक्त जरा आडून. मी आधी नोकरी केली आणि तुम्हीही करा असं सांगेन. बॅकअप घेणं पुरेसं नसतं, तो परत चढवून बघावा लागतो, ही शिस्त मोठ्या टीममध्येच अंगी लागते. स्वतंत्र झाल्यावर उत्पन्न महिन्याच्या एक तारखेला येत नाही. सहकारी संस्थेत तुमचं बिल संचालक मंडळाच्या सभेत ठरावाने मंजूर होतं, सभा पुढे गेली की बिलही पुढे जातं, आणि आलं तरी टीडीएस कापून येतं. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय यात उतरू नका. आणि प्रोग्राम लिहिण्याच्या आधीच्या अभ्यासाचे पैसे वेगळे मागा. सुरुवातीला लोक कुरकुरतात. मी त्या अभ्यासाअखेरीस मराठीत लिहिलेली वही देते: कुठला तक्ता, त्यात कुठला रकाना, तो कोण भरतं, कधी भरतं, कशावरून भरतं. ती वही संस्थेची. उद्या माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला बोलावलं तरी त्याला ती उपयोगी पडावी अशीच लिहिते. एका संस्थेचे चेअरमन दुसऱ्या संस्थेच्या चेअरमनना ती दाखवतात आणि पुढचं काम बहुतेक तिथूनच येतं.

हल्ली मूळ प्रश्नाला एक शेपूट जोडलेलं असतं: "पण आता एआय सगळं लिहून देतंय, मग?" देतंय, आणि मी ते वापरते. चांगली क्वेरी क्षणात हातात पडते, माझा वेळ वाचतो. पण संस्थेत जाऊन विचारा, "सभासद किती?" रजिस्टरवरचे एक उत्तर. या वर्षी ज्यांनी दूध घातलं ते दुसरं. 2013 मध्ये सहकार कायद्यात क्रियाशील सभासदाची कल्पना आली, तेव्हा तिसरं उत्तर तयार झालं. सर्वसाधारण सभेला हजर होता का, संस्थेची किमान सेवा घेतली का, हे बघायचं ठरलं आणि सभेच्या हजेरीचं सह्यांचं रजिस्टर, जे कधी संगणकावर नव्हतंच, ते आत आणायची वेळ आली. मतदार यादीसाठी कुठलं उत्तर आणि दरफरकासाठी कुठलं, हे ठरल्याशिवाय क्वेरी कोणीही लिहिली, माणसाने की यंत्राने, तरी आकडा चुकणारच. ते ठरवण्यासाठी सचिवांना विचारावं लागतं, उपविधी वाचावे लागतात, जुनी रजिस्टरं उघडावी लागतात. त्या खोलीत बसायची तयारी असेल तर या क्षेत्रात काम भरपूर आहे.

क्लास लावायचाच असेल तर एसक्यूएलचा लावा, पोस्टग्रेस फुकट मिळतं, त्यावर सराव करा. पण त्याआधी तुमच्या गावातल्या किंवा मामाच्या गावातल्या दूध संस्थेत सचिवांची परवानगी घेऊन संध्याकाळच्या संकलनाला जा. मध्ये न बोलता बघा. घरी येऊन कागदावर तक्ते काढा आणि दुसऱ्या दिवशी ते सचिवांना वाचून दाखवा. ते "हे असं नसतंय" म्हणतील तिथे खूण करा आणि का ते विचारा. तो खुणा केलेला कागद घेऊन माझ्याकडे या. त्यावर बोलायला मला खूप आवडेल, आणि त्याचे पैसे मी घेत नाही.