हरण्याचा गोठा

आमच्या खिल्लार पैदास केंद्राची पाटी रस्त्याला लागून आता बरीच वर्षं झाली. पण पाटी वाचून कुणी आलेलं मला आठवत नाही. गिऱ्हाईक फाट्यावरच्या टपरीत विचारतं, "हरण्याचा गोठा कुठला?"

हरण्या म्हणजे आमचा वळू, घरच्याच गाईचा. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात. माळ खडकाळ, पाऊस नावाला. खरसुंडीच्या पौषी यात्रेत वडिलांनी त्याला विकायला नेला होता. दर जुळला नाही म्हणून वैतागून परत आणला. एवढंच आमच्या धंद्याचं भांडवल!

आदत, म्हणजे दुधाचे दात पडले नव्हते तेव्हापासून, तो बैलगाडा शर्यतीत पळायला लागला. दोन्ही खांद्यांना, म्हणजे जुवाच्या डाव्या-उजव्या कुठल्याही बाजूला चालायचा, जोडीला कोणताही बैल द्या. झेंडा पडायच्या आधी कान मागे घ्यायचा आणि मान खाली. ते दिसलं की वडील डोळे मिटून घ्यायचे. चौसा होईस्तोवर, म्हणजे चार पक्के दात येईस्तोवर, घरात बक्षिसाच्या ढाली ठेवायला फळी उरली नाही. शर्यती तेव्हाही मध्येच चालू, मध्येच बंद. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि सगळंच थांबलं. हरण्या पाच वर्षांचा होता.

भाऊकी म्हणाली, विकून टाका. वडील म्हणाले, पैदाशीला ठेवू, त्याला गाई लावू.

पहिली दोन वर्षं मी येईल ती गाय घेतली. पहाटे पिकअप दारात उभी असायची, पैसे रोख. गळ्याखालची पोळी लोंबती, बेंबीजवळचं बेंबट सुटलेलं, खूर पसरट, काही बघितलं नाही. वासरं झाली तशीच झाली, आणि लोकांनी नाव ठेवलं ते हरण्याला. वर कुठल्याही वळूची वासरं 'हरण्याची' म्हणून बाजारात येऊ लागली. तेव्हा वही घातली: गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर, लावल्याची तारीख, आणि नऊ महिन्यांनी जाऊन वासरू डोळ्यानं बघायचं.

खरी अडचण वेगळीच होती. शर्यत बंद, मग पोरं बापासारखी पळतात की नाही हे कळणार कसं? सात वर्षं आम्ही न तपासलेला माल विकला, असंच म्हणा. वडील संध्याकाळी गाई-खोंडं माळावर सोडायचे आणि लांबून शीळ घालायचे. आधी कोण वळतं, वळताना मागचा पाय कुठं टाकतं, हे बघत बसायचे. मला ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं.

16 डिसेंबर 2021 ला शर्यतींना परवानगी मिळाली. 18 मे 2023 ला घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदाही कायम ठेवला. चाबूक, पिराणी (टोचायची काठी), विजेचा झटका यांना नियमात जागा नाही, ते बरंच झालं. हरण्याला आम्ही कधी टोचलं नव्हतं. तोवर त्याची पहिली पोरं उतरणीला लागली होती. पळाले ते नातू. शर्यत जिंकून गुलाल घेऊन आलेल्या खोंडांची मी वहीत आजी शोधत गेलो, तर बहुतेक सगळे तीनच गाईंच्या वेलातले निघाले. त्या तिन्ही वडिलांनी माळावर बघून ठेवून घेतलेल्या. जाहिरातीत आम्ही आजही वळूचा फोटो टाकतो, गाईचा टाकत नाही. चूकच आहे, पण फोन त्यालाच येतात.

हरण्या 2022 च्या पावसाळ्यात गेला. त्याच्या वीर्याच्या कांड्या, म्हणजे कृत्रिम रेतनाच्या बारीक नळ्या, भरून ठेवलेल्या नाहीत. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये कांडी वर्षानुवर्षं टिकते, हे मला ठाऊक होतं. पुण्याजवळ उरुळी कांचनला बायफ या संस्थेचं कांड्यांचं काम एवढं जुनं, चार तासांचा रस्ता. साधी चौकशी करायलाही मी गेलो नाही. वळू दारात उभा आहे तोवर कांडी कशाला, असं वाटायचं.

आता वहीत पहिला रकाना गाईचा. परवा एकाचा फोन आला, "हरण्याचा नातू लावायला मिळेल का?" मी म्हटलं, मिळेल, आधी गाय कशी आहे ते सांगा.

"अहो, मी वळू विचारतोय," तो म्हणाला.