लाटा नाहीत हे सांगायलाही माणूस लागतो होय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्ही एकटेच नाही; मार्केट यार्डातले हळदीचे अडते असलेले शेजारचे काका विचारतात, आत्या विचारते, परवा केस कापताना सलूनवाल्यानंही विचारलं. "सांगलीत बसून मालदीवच्या लाटांचा अंदाज देतोस, ते एक ठीक. पण 'या आठवड्यात लाटा नाहीत' असं कळवायचे पैसे कोण देतं रे?"

मालक देतो. फार नाही, महिन्याचा भडंग आणि मोबाइलचं बिल निघेल एवढे. मालदीवची राजधानी मालेच्या उत्तरेला स्पीडबोटीनं अर्ध्या तासावर तुलुस्दू नावाचं बेट आहे. तिथल्या एका गेस्ट हाउसमध्ये मी पाच वर्षं हिशेब लिहायचो. कोका-कोलाचा कारखाना आहे त्या बेटावर, समुद्राचं पाणी गोडं करून कोला बनवणारा. म्हणून बेटासमोर फुटणाऱ्या लाटेचं नाव कोक्स. खाडीपलीकडच्या बेटावर पूर्वी कोंबड्या पाळायचे, म्हणून तिथली लाट चिकन्स. जगभरातून माणसं या दोन लाटांवर सर्फिंग करायला येतात, हे मला पहिले सहा महिने चेष्टाच वाटत होती.

मी स्वतः सर्फिंगच्या फळीवर नीट उभा राहिलो असेन तो मोजून चार वेळा. सरकारी घाटावर पोहायला शिकलेला माणूस मी. माझ्या अंगात कृष्णेचं पाणी. हिशेब मात्र जमतो, आणि लाटांचा अंदाज हा निम्मा हिशेबच असतो. आईचे गुडघे गेल्यावर मी परत आलो, तरी मालक म्हणाला, "अकाउंटला दुसरा माणूस मिळेल, रोजचा लाटांचा अंदाज तेवढा पाठवत जा."

आता मुद्द्याचं. वाळूच्या किनाऱ्यावर लाट कुठंही फुटते. वाळू सरकते, कालची जागा आज नसते. रीफ म्हणजे प्रवाळाचा खडक. तो जागचा हलत नाही, त्यामुळे लाट वर्षानुवर्षं त्याच उंबऱ्याला ठेच लागून पडते. पाणी किती, कुठल्या दिशेनं, किती सेकंदांच्या अंतरानं येतंय आणि भरती किती, एवढं कळलं की ती कशी पडेल हे बरंचसं आधी सांगता येतं.

येतं कुठून? हे सांगलीकराला समजवायला अवघड नाही. पावसाळ्यात आपण काय करतो? आयर्विन पुलाकडे नंतर बघतो, आधी वरचे आकडे बघतो. कोयनेतून किती सोडलं, कऱ्हाडच्या पुलाशी किती, मग बहे, ताकारी, भिलवडी. भिलवडीचा आकडा वाढला की इथं चपला पायात घालायच्या. समुद्रालाही असं 'वर' असतं. मालदीवच्या जवळजवळ सरळ खाली, 49 अंश दक्षिणेला, केर्गेलेन नावाची ओसाड बेटं आहेत. त्या पट्ट्यात वर्षभर पश्चिमेकडून पूर्वेकडे वादळं धावत असतात. ती माझी कोयना. नुसतं पूर्वेकडे पळालेलं वादळ मला उपयोगाचं नाही, त्याचं पाणी ऑस्ट्रेलियाला जातं. ज्या वादळाच्या एका अंगाला दिवस-दीड दिवस उत्तरेकडे जोरदार वारा वाहिला, त्याचं पाणी तुलुस्दूला येतं. साधारण सहा हजार किलोमीटर.

आणि ते एकदम येत नाही. दोन लाटांमध्ये जितके जास्त सेकंद, तितक्या त्या जोरात पळतात. अठरा सेकंदांनी एक येणारी लाट असेल, तर तो सगळा जथा ताशी पन्नास किलोमीटरनं सरकतो आणि पाचव्या दिवशी पोचतो. बारा सेकंदांचा जथा सात-साडेसात दिवसांनी. म्हणजे एकाच वादळाचा निरोप दोन-अडीच दिवस हप्त्याहप्त्यानं येतो, आणि पहिला हप्ता दिसायला सगळ्यात किरकोळ असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते फार महागात पडलंय.

जानेवारीत ही कोयना आटते. दक्षिणेला तेव्हा उन्हाळा. वादळं आणखी खाली सरकतात, त्यांचा दमही कमी होतो. इकडे ईशान्येचा वारा सुरू असतो. तो कोक्सवर समोरून, समुद्राकडून येतो आणि सहा-सात सेकंदांच्या खळबळीशिवाय काही देत नाही. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो, आठवतं का? लाटेला हवा असतो मतलई, जमिनीकडून येणारा. तो लाटेचं तोंड थोपटून गुळगुळीत करतो. पण ते बेट एवढंसं, त्याला स्वतःचा मतलई वारा कुठला असायला! पावसाळ्यात मोसमी वारा पश्चिमेकडून बेट ओलांडून येतो, तेव्हा कोक्सला तो आयता मिळतो. हिवाळ्यात नाही.

तिथल्या जुन्या लोकांना हे नकाशाशिवाय ठाऊक आहे, आणि इथं मला आपली आजी आठवली होती. त्यांच्याकडे वर्षाचे सत्तावीस भाग आहेत, तेरा-चौदा दिवसांचे. त्याला ते नकय म्हणतात. नावं ऐका: रोआनू, मियाहेली, अदा, फुनोस, हिता. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, चित्रा! आपली नक्षत्रंच. अठरा नैऋत्येच्या पावसाळ्याची, नऊ ईशान्येच्या कोरड्या दिवसांची. डिसेंबरात एक म्हातारा मासेमार जेटीवर बसून म्हणायचा, "मुला लागलं", म्हणजे मूळ नक्षत्र. आता पूर्वेची बाजू खवळणार. आजी मृगाचं वाहन विचारायची, बेडूक की म्हैस, तोच सूर. मी पंचांगावर विश्वास ठेवणारा नाही, पण त्या म्हाताऱ्याची आणि माझ्या संगणकातल्या नकाशाची गाठ पडायची ती बहुतेक वेळा एकाच तारखेला.

तर मग, जानेवारीत लाटा नसतातच तर रोज सांगायचं काय?

हाच तुमचा खरा प्रश्न. मीही पहिल्या वर्षी असाच विचार केला. फळ्यावर खडूनं लिहून टाकलं, 'आठवडाभर सपाट', आणि सात दिवस फळा पुसला नाही. नकाशावर एक बारीक रेघ होती, ती मी पाहिली होती: उंची 0.4 मीटर, पिरियड, म्हणजे दोन लाटांमधला वेळ, 18 सेकंद. वीतभर पाणी, म्हटलं काय करणार. उंची बघितली, सेकंद बघितले नाहीत. हिशेबनीस माणसानं दोन रकान्यांपैकी एकच वाचला.

लाटेची लांबी पिरियडच्या वर्गाच्या दीडपटीहून थोडी जास्त असते, मीटरमध्ये. सात सेकंदांची लाट पाऊणशे मीटर लांब. अठराची पाचशे मीटर. लाट आपल्या निम्म्या लांबीएवढ्या खोलीपर्यंत हलत असते, म्हणजे ही बया अडीचशे मीटर खालचं पाणी घेऊन चाललेली असते. मालदीवची बेटं खोल समुद्रातून भिंतीसारखी उभी आहेत. कोकणासमोर उथळ तळ लांबवर पसरलाय, मुंबईसमोर तर तीनेकशे किलोमीटर, त्यावर घासत घासत लाट थकून येते. (रत्नागिरीला असली लाट का नाही, याचं एक उत्तर इथंच मिळालं.) तुलुस्दूला ती न थकता येते आणि शेवटच्या काही मीटरांत एकदम उठते. खुल्या समुद्रात 0.4 असलेली खडकावर माणसाच्या छातीला लागते.

त्यातून लांबून आलेल्या लाटांची एक खोड आहे. त्या चार-पाचच्या घोळक्यानं येतात, त्याला सेट म्हणतात, आणि दोन सेटच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं काहीच नसतं. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा. त्या दिवशी एक पाहुणा माझा फळा वाचून, वर स्वतः दहा मिनिटं समुद्र बघून, ओहोटीच्या वेळी कॅमेरा घेऊन रीफवर चालत गेला. गुडघाभर पाणी. मी जेटीवर चहा पीत होतो. बाहेर एक काळी रेघ दिसली, मग तिच्या मागं दुसरी. मी ओरडलो, पण वारा समोरून होता, माझा आवाज माझ्याच तोंडात परत आला.

वाचला तो. पोटरी प्रवाळावर फाटली, बरेच टाके पडले, कॅमेरा गेला. तो मला एक शब्दही बोलला नाही, उलट दुसऱ्या दिवशी लंगडत येऊन म्हणाला की चूक त्याचीच, समुद्राकडे पाठ केली होती. मालकही काही बोलला नाही. फळा मात्र मी त्याच रात्री पुसला. तेव्हापासून 'सपाट' हा शब्द एकटा कधी लिहिलेला नाही.

लाटा मोठ्या असतात तेव्हा अंदाजाची गरज तशी कमी असते. आवाजानंच कळतं. खोलीच्या खिडक्या थरथरतात, अनाडी माणूस आपण होऊन किनाऱ्यावर बसतो. शांत दिवसांत सगळे बाहेर पडतात: लहान मुलं, स्नॉर्कल लावलेले हनिमूनवाले, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणारे. मालकालाही त्याच दिवसांत नवशिक्यांची शिकवणी कुठं घ्यायची, होडी कुठं बांधायची, कुणाला दोन दिवस थांब म्हणायचं हे ठरवायचं असतं. 'काही नाही' या उत्तरावर त्या बेटाचा निम्मा धंदा चालतो. उन्हाळ्यात आयर्विनला बारा फूट पाणी असताना आपण आकडा बघत नाही, हे खरं. पण नदी बारा फुटांवरून चाळीसवर जाताना गावाला दोन रात्री देते. माझ्या समुद्रानं वीस मिनिटं दिली होती, आणि ती मी चहात घालवली.

2019 च्या ऑगस्टमध्ये हे उलटं झालं होतं. मी तिकडं, आईवडील इकडं सांगलीच्या गावभागात, नदीजवळ. पाहुण्यांना कोक्स आज सहा फूट म्हणून सांगत होतो आणि दुसऱ्या हातात फोन, त्यावर कऱ्हाड, बहे, ताकारी, भिलवडी. धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 च्या वर गेलं. मालक शेजारी येऊन बसायचा आणि विचारायचा, "हे कुठून येतं, किती वेळ लागतो?" मी त्याला नकाशावर कोयना दाखवली. वडील फोनवर सांगायचे, "अजून दोन पायऱ्या बाकी आहेत," तर मी इकडून ओरडायचो की पायऱ्या मोजू नका, भिलवडी बघा, निघा. निघाले ते शेवटी. होडीतून.

बाकी नकाशे वगैरे आता कुणालाही फुकट मिळतात. अमेरिकेच्या हवामान खात्याचे, युरोपचे, आपल्या हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचे. केरळात आकाश निरभ्र, वारा नाही आणि अचानक समुद्र रस्त्यावर येतो, त्याला तिथले लोक कल्लक्कडल म्हणतात, चोरटा समुद्र. तेही हेच दक्षिणेचं लांब अंतराचं पाणी, आणि त्याचे इशारे इन्कॉइस देतं. मी काही वेगळं करत नाही. दोन्ही रकाने वाचतो, एवढंच.

या आठवड्याचं म्हणाल, तर संक्रांतीपासून समुद्र झोपलेला आहे. सोमवार ते बुधवार ईशान्येचा वारा, सात सेकंदांची किरकिर, कोक्सवर काही नाही, चिकन्सवर त्याहून काही नाही. नवशिक्यांना खाडीच्या आतल्या बाजूला न्यायला हरकत नाही. गेल्या शनिवारी केर्गेलेनच्या पश्चिमेला एका वादळानं दिवसभर मान वर केली होती. गुरुवारच्या रकान्यात 0.3 मीटर लिहून आलंय, पुढं 17 सेकंद. ओहोटी दुपारी.

मेसेज पाठवला होता, तरी मघाशी फोनही केला. मालक म्हणाला, "0.3 साठी फोन?" मी म्हटलं, हो. बुधवारी रात्रीच फळा पुसायला सांगितलाय, आणि गुरुवारी दुपारी दोन तास रीफच्या वाटेवर कुणाला तरी खुर्ची टाकून बसवायला.