झडपेचे १८० रुपये

मुलांच्या पुस्तकांचा स्टॉल मी अकरा वर्षं लावतोय. मंडपात मिळणारं टेबल मोठ्या माणसाच्या कमरेएवढं असतं. चार वर्षांच्या पोराला त्यावर घातलेला कपडाच दिसतो. म्हणून मी पुढं सतरंजी अंथरतो आणि मुखपृष्ठं वर करून पुस्तकं जमिनीवर मांडतो. ज्याला अजून वाचता येत नाही, त्याला कण्यावरच्या नावाचा काय उपयोग? यंदा कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या मैदानावर आयोजकांनी आम्हाला कर्ण्याच्या तोंडाशी जागा दिली. लहान मुलाला गोष्ट कानाशी सांगावी लागते, हे त्यांना दरवर्षी सांगतो.

मुलांच्या हातून पुस्तक फाटतं, आणि कुठं फाटतं तेही ठरलेलं असतं. पिनांच्या पुस्तकाचं पान मूल मधनं, पिनेजवळ धरून ओढतं. कोपरा चिमटीत धरून दाखवला की बरीच मुलं दोन मिनिटांत शिकतात. झडपांच्या पुस्तकात चित्रावर उघडमिट करायचा कागदी तुकडा असतो; ती झडप उलटी मुडपली की घडीवर सुटते. त्यासाठी टेबलाखाली खळीची वाटी ठेवतो. बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मी घालत नाही. मोरचूद विषारी, आणि मुलं पुस्तक चाटतात. त्यामुळे खळ रोज सकाळी ताजी शिजवायची. सेलोटेप तर नकोच. ती पिवळी पडते आणि तिचा चिकटा शेजारच्या पानाला धरतो.

रविवारी दुपारी राधानगरीकडचं एक कुटुंब आलं. नवरा-बायको, सात-आठ वर्षांची मुलगी, साडेतीन-चारचा मुलगा. मुलानं झडपांचं पुस्तक धरलं. एका झडपेमागं मांजर होतं. तो झडप उघडायचा, खदखदून हसायचा, मिटायचा, बहिणीला हाक मारून परत उघडायचा. असं पंधरा-वीस वेळा तरी झालं असेल. एवढं मन लावून पुस्तक बघणारं मूल दिवसाकाठी एखादंच भेटतं.

मी तेव्हा एका शाळेच्या खरेदीत अडकलो होतो. सर अनुदानाची यादी घेऊन बसले होते, पुस्तक एकही उघडून बघत नव्हते, नुसती सूट वाढवून मागत होते. इकडं झडप सुटली. बहिणीनं ती गुपचूप पानात सारून पुस्तक मिटलं. आईनं बघितलं आणि पोराच्या पाठीत एक धपाटा घातला. बापानं पाकीट काढलं. ‘‘काय हुतील ते घ्या,’’ म्हणाला. माझ्या हाताखालच्या पोरानं १८० रुपयांचं बिल फाडलं. त्याचं तरी काय चुकलं? खराब झालेली प्रत प्रकाशकाकडं परत जात नाही, ती आमच्या कमिशनमधनं कापतात.

मी वळलो तोवर ते निघाले होते. आई म्हणत होती, ‘‘सांगितलं हुतं न्हवं, पोरांस्नी नगं आणाय म्हणून.’’ मी सरांना तसंच सोडून फाटकापर्यंत पळालो. चौकात रविवारची गर्दी. शाहू महाराजांच्या पुतळ्यापर्यंत जाऊन आलो, कुणी दिसलं नाही.

पुतळ्यापाशी उभा राहिल्यावर फार लागलं. महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोरांना शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड ठेवला होता. आणि मी दंड घेतला तो एसटीचं तिकीट काढून पोरांना पुस्तकांपाशी आणणाऱ्या बापाकडनं.

सोमवारी मी प्रत्येक झडपांच्या पुस्तकाची एक प्रत माझ्या पैशानं काढून सतरंजीवर ठेवली. फाटली तर फाटली. हाताखालच्या पोराला खळ लावायला शिकवलं. झडप बसवायला पाच मिनिटं पुरतात, वाटी त्याच्या पायाशीच होती.

बिल केल्यावर पुस्तक त्यांनी नेलं, एवढं बरं झालं. निघताना ते त्या मुलीच्या हातात होतं, छातीशी घट्ट धरलेलं. सुटलेली झडप आतच असेल. घरी गेल्यावर भाताची चार शितं लावून तिनं ती चिकटवली का, हे मला कळायला हवं होतं.