कोंदणाखालचा भुसा

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या गॅलपमध्ये दुरुस्तीच्या बाकावर त्या दिवशी एक जुनं नावाहो कडं आलं, म्हणजे तिथल्या नावाहो या मूलनिवासी जमातीच्या कारागिराने चांदीत घडवलेलं. ठसे मारलेली जाड पट्टी, मधे एकच मोठा फिरोजा, कोंदणाला लागून तडा. तो तिथेच पडायचा. कडं घालता-काढता पट्टी वाकते, कोंदणाखालचा भाग मात्र ताठ राहतो, म्हणून ताण सगळा कडेवर. त्यात नेमका एक खोल ठसाही तिथेच होता.

आधी खडा काढला. फिरोजाला आच सोसत नाही, आम्लही नाही. कोंदण करवतीसारखं दातेरी. पातळ पात्याने एकेक दात उचलला. घाई केली की दात मुळाशी तुटतात. खाली निघाला लाकडाचा भुसा! जुने कारागीर तो मुद्दाम भरत. खड्याची पाठ ओबडधोबड असली तरी नीट टेकते आणि खडा हव्या उंचीला येतो. कडं पाण्यात बुडालं की मात्र हाच भुसा फुगून खड्याला वर ढकलतो. भुसा कागदात बांधून ठेवला.

यंत्रावर चांदी भरली 90 टक्के, बाकी बहुतेक तांबं. म्हणजे नाण्यांची चांदी. अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर 90 टक्क्यांचा, जुना मेक्सिकन पेसो किंचित सरस. दोन्ही मुशीत जात. स्टर्लिंगपेक्षा, म्हणजे 92.5 टक्के चांदीपेक्षा, फरक अडीच टक्क्यांचाच, पण स्टर्लिंग 802 अंश सेल्सिअसला वितळू लागते आणि ही 779ला. आमचा नेहमीचा कडक डाख (सांधा जोडायचा मिश्रधातू) वाहतो 788ला! तो लावला असता तर आधी ठशांच्या कडा बसल्या असत्या. म्हणून 718ला वाहणारा घेतला.

तडा कानशीने साफ केला, लोखंडी तारेने आवळला, टाकणखार लावला. कोंदणाच्या जुन्या सांध्यांना गेरूचा लेप, नाहीतर तिथला डाखही सुटतो. आच सगळ्या पट्टीला सारखी दिली. चांदी उष्णता पसरवते, एकाच जागी ज्योत धरून डाख वाहत नाही. आम्लात टाकण्याआधी तार काढली, नाहीतर चांदीवर तांब्याचा थर चढतो. पॉलिशचं चाक लावलंच नाही. ठशांतला काळेपणा गेला की जुन्या कड्याची किंमत गेली.

खडा झुनी (शेजारची दुसरी मूलनिवासी जमात) पैलूकाराचा का, असं व्यापाऱ्याने विचारलं. नुसत्या खड्यावरून सांगता येत नाही. झुनींनी घडवलेले खडे व्यापारी नावाहो कारागिरांना पुरवत असत. कोरडा भुसा परत भरला, दात दाबले आणि चिठ्ठी बांधली: पाण्यात घालू नये, कड्याची उघडी फट ताणू नये, मनगट आडवं धरून सरकवावं.