एल्विसच्या आधीचे गाणे

रॉक अँड रोलचा विषय निघाला की फोंड्यातील माझ्या वर्गात पहिले नाव एल्विस प्रेस्लीचे येते. ते मी फळ्यावर शेवटी लिहिते. सुरुवात ट्वेल्व्ह-बार ब्लूजपासून, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या ब्लूज गाण्यांतील बारा बारांच्या चौकटीपासून करते; बार म्हणजे चार मात्रांचा गट. चार बार षड्जाच्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर), दोन मध्यमाच्या, पुन्हा दोन षड्जाच्या, मग पंचमाचा एक, मध्यमाचा एक आणि उरलेले दोन परत षड्जावर, एवढी चौकट मुलांनी हाताने टाळी देत मोजली, की पुढचे निम्मे काम होते. अडते ते गंधारापाशी. ब्लूजमधला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लागतो आणि पेटीवर तो सापडत नाही. मुले दोन्ही पट्ट्या एकदम दाबून पाहतात, कर्कश वाजते, आणि मग एखादी मुलगी गळ्यातून तो सहज लावून जाते. गिटारवादक तार ओढून नेमके हेच साधतो.

गॉस्पेलमधील, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांतील, सवाल-जवाब मात्र समजावावा लागत नाही. बुवांनी ओळ टाकायची आणि मागच्यांनी झील धरायची, हे देवळातल्या भजनाला बसलेल्या मुलांच्या अंगवळणी पडलेले असते. गॉस्पेल गायिका सिस्टर रोझेटा थार्प यांचे १९४४ सालचे ध्वनिमुद्रण ऐकवले, की भक्तिगीताच्या साथीला इलेक्ट्रिक गिटार ऐकून ती चकित होतात.

त्यानंतर जोड्या ऐकवते: आधी काळ्या गायकाने गायलेले गाणे, मग गोऱ्या प्रेस्लीने गायलेले तेच. बिग मामा थॉर्नटन यांनी १९५२ मध्ये गायलेले ‘हाउंड डॉग’ आणि प्रेस्लीचे १९५६ मधील तेच गाणे; आर्थर क्रुडप यांचे १९४६ मधील ‘दॅट्स ऑल राइट’ आणि प्रेस्लीने १९५४ मध्ये मेम्फिसला ध्वनिमुद्रित केलेले तेच गाणे. क्रुडप यांना आपल्या गाण्याच्या मानधनासाठी आयुष्यभर झगडावे लागले, हे सांगणे मी संगीताच्या तासाचाच भाग समजते. तरीही ‘काळ्यांचे संगीत गोऱ्यांनी चोरले’ या एका वाक्यात हा इतिहास बसवणे मला पटत नाही, कारण ‘हाउंड डॉग’ थॉर्नटन यांच्यासाठी लिहिले ते लीबर आणि स्टोलर या दोन गोऱ्या तरुणांनी, आणि काळे रॉक अँड रोल गायक चक बेरी यांनी १९५५ मधील ‘मेबेलीन’ रचले ते ‘आयडा रेड’ या जुन्या कंट्री गाण्यावरून, म्हणजे प्रामुख्याने गोऱ्यांच्या ग्रामीण अमेरिकी संगीतातून.

गोव्यात हे शिकवताना हळदोण्याच्या चिक चॉकलेट यांचा उल्लेख टाळता येत नाही, आणि मला टाळायचाही नसतो. मुंबईत जॅझ वाजवणाऱ्या या ट्रम्पेटवादकाने सी. रामचंद्र यांना ‘अलबेला’ चित्रपटाच्या (१९५१) संगीतात साथ दिली, त्यातला स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, मुलांना चटकन ओळखू येतो.

‘रॉक अँड रोलचा जनक कोण?’ हा प्रश्न मी चाचणीत घालत नाही. एक अनोळखी ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवते आणि त्यात ब्लूजचे काय, गॉस्पेलचे काय आणि कंट्रीचे काय आले आहे, ते कारणांसह लिहायला सांगते.