मेफिल्डला चर्चवाल्यांबरोबर ढिगारे उपसताना

नॅशव्हिलहून आय-२४ महामार्ग पकडून वायव्येला निघालं की क्लार्क्सव्हिलनंतर टेनेसी राज्य संपून केंटकी लागतं, मग कंबरलँड आणि टेनेसी या दोन्ही नद्या ओलांडायच्या, कॅल्व्हर्ट सिटीजवळ आय-६९ ला खाली वळायचं, की सव्वादोन-अडीच तासात मेफिल्ड. शेतांमध्ये तंबाखू धुरावायची काळपट लाकडी कोठारं दिसतात. मी मूळची कागलची, निपाणी शेजारीच, त्यामुळं तंबाखूचा मुलूख बघितला की मला लगेच आपलेपणा वाटतो. पण जानेवारी २०२२ मध्ये आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा गाव जवळ आलं आणि गाडीत सगळे गप्पच झाले. झाडं उभी होती पण एकालाही फांदी नाही, नुसते सोललेले बुंधे आणि त्यांना गुंडाळलेले पत्रे.

१० डिसेंबर २०२१ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास टॉर्नेडो या गावातून गेला. डिसेंबरात खरं तर एवढी वादळं होत नाहीत, पण त्या दिवशी हवा वसंतातल्यासारखी उबदार होती, खालून मेक्सिकोच्या आखाताची दमट हवा वर येत होती आणि पश्चिमेकडून थंड हवा येऊन तिला भिडली. टेनेसीच्या कोपऱ्यात सुरू झालेला हा टॉर्नेडो जवळजवळ तीन तास जमिनीवरच होता, १६५ मैल, म्हणजे पुण्याहून कोल्हापूरला जाऊन अजून पुढं जाण्याएवढं अंतर. वारा ताशी १९० मैलांपर्यंत, ईएफ-४, म्हणजे टॉर्नेडोच्या तीव्रतेच्या मापात वरून दुसरी पायरी. एकट्या या टॉर्नेडोनं ५७ माणसं नेली, त्यातली नऊ मेफिल्डच्या मेणबत्ती कारखान्यात रात्रपाळीला होती. दहा हजार वस्तीचं गाव, सगळेच सगळ्यांना ओळखणार, तिथं हे काय झालं असेल त्याचा विचार करा.

आम्ही गेलो ते नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका बॅप्टिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांमधला एक पंथ) मित्रामुळं. सदर्न बॅप्टिस्ट डिझास्टर रिलीफ म्हणून त्यांची मोठी यंत्रणा आहे, १९६७ पासूनची, टेक्सासमधल्या ब्यूला चक्रीवादळानंतर सुरू झालेली. त्यांचे ते पिवळे टी-शर्ट अमेरिकेत जिथं आपत्ती तिथं दिसतात. मला आधी वाटायचं की चर्चचे लोक म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि ब्लँकेट वाटणार, पण हे सगळे साठी-सत्तरीतले काका-काकू ट्रेनिंग घेतलेले असतात. झाडं कापायची टीम वेगळी, छतावर ताडपत्री ठोकणारी वेगळी, हजारोंचा स्वयंपाक करणारी वेगळी, आणि नुसतं माणसांजवळ बसून ऐकणारेसुद्धा वेगळे. मोठ्या आपत्तीत बऱ्याचदा रेड क्रॉस शिधा आणतं, हे शिजवतात आणि परत रेड क्रॉसच्याच गाड्या ते गरम अन्न घरोघर नेतात. ट्रेनिंगशिवाय चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची यांत्रिक करवत, हातात मिळत नाही, त्यामुळं आम्हाला काम होतं फांद्या ओढणं आणि ढिगारा उपसणं.

ढिगारा उपसणं म्हणजे काय ते तिथं कळलं. आधी घरमालकाची फॉर्मवर सही, त्याशिवाय आवारात पाऊल टाकायचं नाही. मग सगळं रस्त्याच्या कडेला आणून ठेवायचं, कारण कचरा उचलणारे ट्रक रस्त्यालगतचंच उचलतात, आतलं नाही. तेही वेगवेगळं लावायचं, फांद्या-ओंडके एकीकडं, विटा-लाकूड-पत्रे दुसरीकडं, फ्रीज-वॉशिंग मशीन तिसरीकडं, रंगाचे डबे आणि केमिकल अजून वेगळं. हे सगळं जो करतो तो सत्तरीचा आणि ज्याचं घर गेलं तो ऐंशीचा, अशी जोडी तिथं जागोजागी.

आमच्या टीमच्या लीडर काकांनी सकाळी एकच गोष्ट बजावली, काय टाकायचं ते घरचे लोक सांगतील, आपण ठरवायचं नाही. आम्ही ज्या आजींच्या घरी होतो त्यांच्या स्वयंपाकघराची एकच भिंत उरली होती. मी एक गंजका, चेपलेला कॉफीचा डबा कचऱ्यात टाकणारच होते, पण सांगितल्याप्रमाणे आधी दाखवला. आजींनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि तिथंच विटांवर बसल्या. आत घेवड्याचं बियाणं होतं, त्यांच्या आईच्या वेळेपासून दरवर्षी राखलेलं. अर्धं भिजून गेलेलं, अर्धं चांगलं. मग आमच्यातल्या एका काकूंनी काम थांबवलं, कोरडा टॉवेल पसरला आणि दोघी मिळून कितीतरी वेळ दाणे निवडत बसल्या. त्यांना कुणीही चला चला म्हणलं नाही. मला या लोकांबद्दल जो आदर आहे तो त्या वेळेमुळं आहे, कापलेल्या झाडांमुळं नाही.

संध्याकाळी काकांनी प्रत्येकाचे तास वहीत लिहून घेतले. का, तर सरकारी मदतीत साधारण पाऊण खर्च केंद्र देतं, उरलेला राज्य आणि स्थानिक लोकांनी उचलायचा, आणि स्वयंसेवकांच्या नोंदवलेल्या तासांची किंमत त्या वाट्यात धरता येते. म्हणजे आपण ओढलेली फांदीसुद्धा गावाच्या खात्यात जमा होऊ शकते! आपल्याकडं २०१९ च्या पुरात शिरोळला किती पोरांनी घराघरातला चिखल काढला, त्याची कुठं नोंद असेल असं मला वाटत नाही, आणि ती असायला पाहिजे होती.

निघताना टीमनं सह्या केलेलं बायबल आजींना दिलं आणि गोल करून प्रार्थना केली. मी आणि नवरा हात जोडून उभे होतो. आमचा धर्म कुठला हे दिवसभरात कुणी विचारलं नाही, आजींना कुठल्या चर्चला जाता हेसुद्धा काम सुरू करायच्या आधी विचारलं नव्हतं. आणि गावातल्या चर्चचंच काय झालं होतं ते बघा, फर्स्ट युनायटेड मेथडिस्ट, फर्स्ट ख्रिश्चन, फर्स्ट प्रेसबिटेरियन, सगळी जुनी मोठी चर्च उद्ध्वस्त, कोर्टाची एकोणिसाव्या शतकातली इमारतसुद्धा गेली. स्वतःचं चर्च गेलेली माणसं दुसऱ्याच्या छतावर निळी ताडपत्री ठोकत होती.

२०२३ च्या वसंतात परत गेलो तेव्हा टीव्हीवाले कधीच निघून गेले होते. बरेच प्लॉट नुसते गवताचे. आता काम होतं घरं बांधायचं, आणि ते करायला मेनोनाइट या दुसऱ्या ख्रिश्चन पंथाचे लोक आले होते. त्यांची मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस १९५० मध्ये कॅन्ससमधल्या हेस्टनला सुरू झाली. आठवडाभरासाठी माणसं येतात, एकत्र राहतात, बायका-पुरुष सगळे भिंती उभ्या करतात, आठवडा संपला की दुसरी तुकडी येते आणि त्याच भिंतीपासून पुढं काम सुरू करते.

अडचण पैशाची होतीच, पण कागदांची त्याहून जास्त. कुणाचा विमा नव्हता. कुणाचं घर आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेलीच नाही, आपल्याकडं सातबाऱ्यावर पणजोबा असतात तसंच. आणि सगळ्यात वाईट हाल भाडेकरूंचे, गावात ग्वाटेमाला-मेक्सिकोहून आलेली बरीच कुटुंबं भाड्यानं राहायची, त्यांचं स्वतःचं घरच नाही तर बांधून कुणाचं देणार? अशा कुटुंबांबरोबर बसून एकेक कागद लावणाऱ्या ताई तिथं भेटल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या, आणि मला वाटतं घर बांधण्याएवढंच ते काम मोठं आहे. एका कुटुंबाला नव्या घराची किल्ली देताना आम्ही हजर होतो, किल्लीबरोबर हातानं शिवलेली गोधडी दिली, आणि त्यांची छोटी मुलगी पळत जाऊन आधी बाथरूमचे सगळे नळ सोडून आली.

तुमच्यापैकी कुणी अमेरिकेत असाल आणि असं जायचं मनात असेल तर एखाद्या संस्थेत आधी नाव नोंदवा, नुसती गाडी काढून जाऊ नका, कारण राहायची-जेवायची सोय तिथल्याच लोकांवर पडते. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, खिळा आरपार जाणार नाही असे बूट आणि जाड ग्लोव्हज घ्या. जुने कपडे अजिबात पाठवू नका, ते निवडायलाच माणसं अडकून पडतात. आणि जमलं तर पहिल्या महिन्यात न जाता वर्षानं जा, तेव्हा माणसं कमी पडतात.